लॉटनने दिग्दर्शित केलेला एकुलता एक चित्रपट, 'द नाइट ऑफ द हंटर': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आम्ही काही जण महिन्यातून एकदा जमून जुने चित्रपट बघतो. सदाशिव पेठेतल्या एका सोसायटीचा हॉल, एक प्रोजेक्टर, पन्नास-साठ खुर्च्या. वर्षातून एकदा 'द नाइट ऑफ द हंटर' लावायचाच, हा माझा हट्ट आहे आणि बाकीच्यांनी तो आजवर पुरवलाय. दर खेपेला नवे लोक येतात आणि तेच प्रश्न विचारतात. काही आधी फोनवर, काही नंतर दारात चपला घालताना. चपला घालता घालता या चित्रपटाबद्दल बोलून भागत नाही, म्हणून उत्तरं इथे सविस्तर लिहितो आहे.

चार्ल्स लॉटन म्हणजे नेमका कोण?

१८९९ साली इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये जन्मलेला नट. घरचा धंदा हॉटेलचा. 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' (१९३३) मधल्या राजाच्या भूमिकेसाठी त्याला ऑस्कर मिळालं. 'म्युटिनी ऑन द बाउंटी' (१९३५) मधला क्रूर कप्तान ब्लाय त्याचाच, आणि 'द हंचबॅक ऑफ नोत्र दाम' (१९३९) मधला कुबडा क्वासिमोदोही त्याचाच. जाडजूड शरीर, लोंबते गाल, आणि या सगळ्यातून वाट काढत येणारा अफाट आवाज. नायकाच्या रूपाचा हा माणूस नव्हता आणि त्याला त्याची खंत होती, असं त्याच्याबद्दल लिहिणारे सगळेच सांगतात. पुण्यातल्या जुन्या प्रेक्षकांना तो बहुधा 'विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन' (१९५७) मधला आजारी, खवचट बॅरिस्टर म्हणून आठवतो.

गोष्ट काय आहे? शेवट न फोडता सांगा.

१९३० च्या दशकातली मंदी, अमेरिकेतल्या ओहायो नदीकाठचं एक गाव. बेन हार्पर नावाचा माणूस दरोडा घालून, दोन खून करून दहा हजार डॉलर आणतो आणि पोलीस दारात यायच्या आत ते लपवतो. कुठे लपवले हे त्याच्या दोन लहान मुलांनाच माहीत, आणि मोठ्या जॉनकडून त्याने शपथ घेतली आहे की कुणालाही सांगायचं नाही. तुरुंगात बेनचा सोबती असतो हॅरी पॉवेल (हे काम रॉबर्ट मिचमचं): अंगावर धर्मोपदेशकाचा काळा कोट, तोंडात बायबल, खिशात चाकू. विधवांशी लग्न करून त्यांना मारणं हा त्याचा धंदा. बेनला फाशी होते आणि पॉवेल सुटल्यावर थेट त्या गावी येतो.

गावातली मोठी माणसं त्याच्यावर भाळतात. तो खरा कसा आहे हे जॉनला पहिल्या क्षणापासून कळतं, पण जॉनचं ऐकणार कोण? पुढचं हॉलमध्येच बघा.

त्याच्या बोटांवर काय गोंदलेलं आहे?

उजव्या हाताच्या बोटांवर 'लव्ह' आणि डाव्या हाताच्या बोटांवर 'हेट'. इंग्रजीत दोन्ही शब्द चार-चार अक्षरांचे, त्यामुळे एकेका बोटावर एकेक अक्षर बरोबर बसतं. हे दोन हात एकमेकांत अडकवून पॉवेल गावकऱ्यांना प्रेम आणि द्वेषाची कुस्ती लावून दाखवतो. बघणारे हरखून जातात. स्पाइक लीच्या 'डू द राइट थिंग' (१९८९) मध्ये एक पात्र दोन्ही हातांत याच शब्दांच्या अंगठ्या घालून असंच बोलतं, तो या प्रसंगाला केलेला मुजरा आहे.

इतका मोठा नट, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी एकदम दिग्दर्शनाकडे कसा वळला?

एकदम वळला, हाच मोठा गैरसमज आहे, आणि तो दूर करणं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

लॉटन त्याआधी काही वर्षं अभिवाचन करत अमेरिकाभर फिरत होता. हातात पुस्तकं घ्यायची, एकट्याने मंचावर उभं राहायचं आणि वाचायचं. बायबल, डिकन्स, शेक्सपिअर. पॉल ग्रेगरी या निर्मात्याने त्याला टीव्हीवर बायबल वाचताना पाहिलं आणि हे दौरे उभे केले. मग १९५१ मध्ये बर्नार्ड शॉच्या नाटकातला एक प्रवेश चार नटांनी, नेपथ्याशिवाय, केवळ वाचून सादर केला. चारांतला एक लॉटन, आणि दिग्दर्शनही त्याचंच. १९५४ मध्ये 'द केन म्युटिनी कोर्ट-मार्शल' हे नाटक त्याने ब्रॉडवेवर बसवलं. म्हणजे चित्रपटाच्या सेटवर पाऊल टाकलं तेव्हा त्याच्या गाठीला दिग्दर्शनाचा पक्का अनुभव होता. नवा होता तो फक्त कॅमेरा.

आपल्याकडे अभिवाचन ऐकलेल्या कुणालाही हे चटकन उमगेल. वाचणारा चांगला असेल तर डोळ्यांपुढे चित्रं आपोआप उभी राहतात. या चित्रपटाची जातकुळी तीच आहे. सुरुवातीला चांदण्यांनी भरलेल्या आकाशात एका म्हाताऱ्या बाईचा चेहरा दिसतो आणि ती मुलांना बायबलमधलं वचन सांगू लागते. कुणीतरी आपल्याला गोष्ट सांगतंय, हे पहिल्याच मिनिटाला सांगून टाकलेलं आहे. आजीच्या मांडीवर ऐकलेल्या गोष्टीतला राक्षस जसा असतो, तसा पॉवेल बघावा. मग तो तळघराच्या जिन्यावरून दोन्ही हात पुढे करून मुलांमागे धावतो तेव्हा 'हे काय अतिरंजित!' असं वाटत नाही.

ब्रेख्तशी त्याचा काही संबंध होता का?

होता, आणि पुण्यातल्या नाटकवाल्यांनी तो लक्षात ठेवावा. १९४७ मध्ये जर्मन नाटककार ब्रेख्तच्या 'गॅलिलिओ' या नाटकाचा इंग्रजी प्रयोग झाला, त्यात गॅलिलिओ लॉटनने केला. संहितेचं इंग्रजी रूपही दोघांनी मिळून तयार केलं होतं. ब्रेख्तला इंग्रजी जेमतेम, लॉटनला जर्मन येत नाही, त्यामुळे हावभाव करून, वाक्य म्हणून दाखवून काम चाले. 'तीन पैशाचा तमाशा' बघितलेल्या पिढीला ब्रेख्तचं ते मध्येच थांबून प्रेक्षकांशी बोलणं, गाण्याने गोष्ट तोडणं परिचयाचं आहे. लॉटनच्या चित्रपटातही गाणी अशीच मध्ये येतात आणि घडणाऱ्या गोष्टीपासून आपल्याला जरा लांब नेतात. हा ब्रेख्तचाच थेट प्रभाव, असा दावा मी करणार नाही. पण ज्या माणसाने वर्षानुवर्षं गॅलिलिओवर मेहनत घेतली, त्याला वास्तवासारखं न दिसणारं दृश्य रचायची भीती उरली नसणार, एवढं मला पटतं.

कॅमेऱ्याबद्दल इतकं काय बोलतात?

छायालेखक स्टॅन्ली कॉर्टेझ. ऑर्सन वेल्सचा 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स' (१९४२) त्यानेच चित्रित केला होता. लॉटनने त्याच्यावर पूर्ण विश्वास टाकला आणि स्वतः शिकत गेला. १९५५ साल म्हणजे हॉलिवूडमध्ये रंग आणि रुंद पडदा यांचा सुकाळ. हा चित्रपट मात्र कृष्णधवल.

तीन ठिकाणी डोळे उघडे ठेवा. पहिलं, विधवेची शयनखोली. छत टोकदार, उलट्या 'व्ही'सारखं, खोली एखाद्या छोट्या चर्चसारखी दिसते, आणि आजूबाजूला निव्वळ काळोख. भिंती कुठे संपतात हे कळतच नाही. दुसरं, जॉन गोठ्याच्या माळ्यावरून पहाटे बघतो तेव्हा क्षितिजावरून घोड्यावर जाणारी पॉवेलची काळी आकृती. तो मिचम नव्हेच. स्टुडिओत खोल अंतर दाखवायला जागा नव्हती म्हणून ठेंगण्या माणसाला तट्टावर बसवून ते दृश्य घेतलं. तिसरं पाण्याखालचं. ते आधी सांगून त्याची धार घालवणार नाही. इतकंच सांगतो की पाण्यातल्या गवताबरोबर हलणारे केस दिसतात, ती मेणाची आकृती आहे, आणि हे माहीत असूनही माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो.

शिवाय नदीवरचा प्रवास. मुलं होडीत, आणि पडद्याच्या पुढच्या भागात मोठे मोठे दिसणारे बेडूक, कोळ्याचं जाळं, घुबड, ससे. बहुतेक सगळं स्टुडिओत उभारलेलं. ते खोटं आहे हे लपवायचा कुणी प्रयत्न केलेला नाही. लहान मुलाला रात्र जशी दिसते तशी ती नदी आहे.

मूकपटांचा संबंध काय?

लॉटनने तयारी करताना न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात जाऊन डी. डब्ल्यू. ग्रिफिथचे मूकपट बघितले. पडद्यावरचा गोल हळूहळू आवळत एकाच गोष्टीवर आणायचा, ही मूकपटांची क्लृप्ती त्याने १९५५ साली बेधडक वापरली. आणि ग्रिफिथचीच नायिका लिलियन गिश हिला रेचल कूपरच्या, म्हणजे अनाथ मुलांना आसरा देणाऱ्या म्हातारीच्या, भूमिकेसाठी बोलावलं. तिने विचारलं, मीच का? त्यावर लॉटनने सांगितलं की पूर्वी लोक चित्रपटगृहात ताठ बसून, पुढे झुकून बघायचे. आता खुर्चीत रेलून खात बसतात. मला त्यांना पुन्हा ताठ बसवायचं आहे.

हॉलमध्ये समोसे आणू नका असं आम्ही सांगतो, त्याचं कारण हेच.

रेचल आणि पॉवेल एकत्र भजन म्हणतात, तो प्रसंग कळला नाही. शत्रू एकसुरात कसे गातात?

हा प्रश्न मला फार आवडतो.

रात्र आहे. पॉवेल कुंपणाबाहेर बसून त्याचं नेहमीचं भजन म्हणतोय, 'लीनिंग ऑन द एव्हरलास्टिंग आर्म्स'. आत रेचल बंदूक मांडीवर घेऊन झुलत्या खुर्चीत. आणि ती त्याच्या सुरात सूर मिसळते. फरक एकच: पॉवेल ज्या ओळीत येशूचं नाव घेत नाही, तिथे रेचल ते नाव घेते.

याचं उत्तर पुण्यातच तयार झालेल्या एका चित्रपटात आहे. प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६), दामले-फत्तेलालांचा. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, त्याच आवारात तो घडला. त्यातला सालोमालो आठवा. तुकोबांचे अभंग चोरतो, स्वतःच्या नावावर खपवतो, नटवून सजवून गातो. शब्द तेच. पण विष्णुपंत पागनीसांच्या तोंडून तेच शब्द आले की चित्रपटगृहात शांतता पसरते. भोंदूने अभंग म्हटला म्हणून अभंग बाटत नाही, आणि अभंग म्हटला म्हणून भोंदू साधू होत नाही. रेचल त्या रात्री नेमकं हेच करते: भजन त्याच्याकडून परत घेते. 'वरून कीर्तन, आतून तमाशा' ही म्हण ज्या भाषेत आहे, तिच्या माणसांना पॉवेल परका वाटायचं कारण नाही.

काही जण म्हणतात हा धर्मविरोधी चित्रपट आहे. माझं मत साफ उलटं आहे. बायबल दोघांच्याही तोंडात आहे, आणि अनाथ मुलांना घरात घेऊन जेवू घालणारी बाई त्यातली एकच आहे.

लॉटनला मुलांचा तिटकारा होता आणि मुलांचे प्रसंग मिचमनेच बसवले, हे खरं का?

ही गोष्ट अनेक पुस्तकांत छापून आली आणि पसरली. पण पुरावा तिच्या विरोधात जातो. लॉटन टेक संपला तरी कॅमेरा बंद करू देत नसे. बोलत राही, नटाकडून वाक्य पुन्हा म्हणवून घेई. त्यामुळे सेटवरचं त्याचं बोलणं फिल्मवर आपसूक नोंदलं गेलं. त्याच्या पश्चात पत्नी एल्सा लँचेस्टर हिने ती न वापरलेली फिल्म अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटकडे सोपवली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संग्रहातल्या रॉबर्ट गिट यांनी कित्येक वर्षं खपून ती लावली आणि त्यातून २००२ साली सुमारे अडीच तासांचा माहितीपट तयार झाला.

त्यात लॉटन जॉनच्या बहिणीचं काम करणाऱ्या छोट्या सॅली जेन ब्रूसला एकेक वाक्य कसं म्हणायचं ते स्वतः म्हणून दाखवतो. पुन्हा. आणखी एकदा. कधी वैतागतोही. पण ते एका तालीम घेणाऱ्या मास्तरांचं वैतागणं आहे. ज्यांनी बालनाट्य बसवलंय त्यांनी हा माहितीपट जरूर मिळवून बघावा.

पटकथा नक्की कोणाची?

श्रेयनामावलीत नाव जेम्स एजीचं. मूळ कादंबरी डेव्हिस ग्रबची, १९५३ ची. पश्चिम व्हर्जिनियात १९३२ साली फाशी गेलेल्या हॅरी पॉवर्सच्या गुन्ह्यांवरून सुचलेली. एजीने जवळपास तीनशे पानांचा मसुदा दिला, लॉटनने तो कापून बेतात आणला. अनेक वर्षं असं सांगितलं गेलं की एजी दारूत बुडाला होता, त्याचं लिखाण निरुपयोगी होतं आणि सगळं लॉटननेच नव्याने लिहिलं. मूळ मसुदा पुढे सापडला तेव्हा दिसलं की चित्रपटातलं बरंच काही त्यात आधीच आहे. एजी मे १९५५ मध्ये वारला, चित्रपट प्रदर्शित व्हायच्या आधीच. त्याला स्वतःची बाजू मांडताच आली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

एवढा चांगला होता तर पडला का?

बरीच कारणं एकत्र आली. युनायटेड आर्टिस्ट्सने त्याच वर्षीच्या 'नॉट अ‍ॅज अ स्ट्रेंजर' या मोठ्या चित्रपटाच्या जाहिरातीवर जास्त जोर दिला; त्यातही मिचमच होता. खुनी धर्मोपदेशक हा विषय अनेकांना रुचला नाही. पण मुख्य कारण मला वेगळं वाटतं. हा भयपट, की परीकथा, की गुन्हेगारीची गोष्ट? मध्येच विनोद येतो, मध्येच अंगाई. तिकीट काढणाऱ्याला आपण काय बघायला आलोय हेच कळेना. रहस्यपटाच्या अपेक्षेने आलेला माणूस सशांकडे आणि बेडकांकडे बघत बसला.

त्यानंतर लॉटनने दुसरा चित्रपट का केला नाही? खचला का?

दुखावला, हे नक्की. पुढचा चित्रपट ठरलेला होता: नॉर्मन मेलरच्या 'द नेकेड अँड द डेड' या युद्धावरच्या कादंबरीवर. पटकथेवर कामही चालू होतं. पहिल्याच चित्रपटाने पैसे बुडवल्यावर ते बारगळलं. तो चित्रपट १९५८ मध्ये आला खरा, पण दिग्दर्शक राउल वॉल्श.

तरी 'मोडून पडलेला कलावंत' हे चित्र रंगवू नये असं मला कळकळीने वाटतं. १९५७ चं बॅरिस्टरचं काम यानंतरचंच. १९५९ मध्ये त्याने स्ट्रॅटफर्डला किंग लिअर केला, १९६० मध्ये 'स्पार्टाकस'. डिसेंबर १९६२ मध्ये कर्करोगाने गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत हा चित्रपट १९९२ साली घेतला गेला, आणि २००८ मध्ये 'काइये द्यू सिनेमा' या फ्रेंच मासिकाच्या शंभर सर्वोत्तम चित्रपटांच्या यादीत तो दुसऱ्या क्रमांकावर होता. यातलं काहीच बघायला लॉटन नव्हता.

खरंच एकमेव? 'द मॅन ऑन द आयफेल टॉवर' त्याने दिग्दर्शित केला नव्हता का?

हा प्रश्न पुण्यातच येणार! १९४९ च्या त्या चित्रपटाचा दिग्दर्शक बर्जेस मेरेडिथ. तो स्वतः त्यात काम करत असल्यामुळे, तो कॅमेऱ्यासमोर असतानाचे काही प्रसंग लॉटनने सांभाळले. पडद्यावर दिग्दर्शक म्हणून लॉटनचं नाव मात्र एकदाच आलं.

मराठीत असं कोणी आहे का?

डॉ. श्रीराम लागूंचं नाव आधी घ्यावं लागेल. रंगभूमीवर इतकं काम करून १९८० मध्ये त्यांनी 'झाकोळ' दिग्दर्शित केला. ऊर्मिला मातोंडकर त्यात बालकलाकार म्हणून दिसते. लागूंच्या अभिनयाबद्दल पुण्यात तासन्‌तास बोलणारी माणसं भेटतात. 'झाकोळ' बघितलेली मला फार थोडी भेटली. आणि पुलंचा 'गुळाचा गणपती' (१९५३). कथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन, मुख्य भूमिका सगळं पुलंचं. त्यातलं भीमसेन जोशींचं 'इंद्रायणी काठी' घराघरात पोचलं, पुलं मात्र लवकरच चित्रपटाचा धंदा सोडून आकाशवाणीकडे गेले. ही दोन्ही माणसं लॉटनसारखीच आधी आवाजाची, शब्दांची होती. तिघांच्या चित्रपटांवर एकत्र कुणीतरी सविस्तर लिहायला हवं.

रंगीत आवृत्ती मिळाली, ती चालेल का?

ती १९९१ ची टीव्हीसाठी केलेली फिल्म, रिचर्ड चेंबरलेनची. ती नको.

आधी कादंबरी वाचून यावं का?

नंतर वाचा.

घरी बघायचा असेल तर?

रात्री बघा, दिवे पूर्ण घालवून. यातला काळोख हा चित्राचा भाग आहे. दिवाणखान्यातली ट्यूबलाइट चालू असेल तर पडद्यावर राखाडी चिखल दिसतो. चित्राची रुंदी-उंची १.६६ ला १ अशी आहे, तेव्हा टीव्हीवर दोन्ही बाजूंना थोड्या काळ्या पट्ट्या येतील. त्या घालवायला चित्र ताणू नका. इंग्रजी उपशीर्षकं लावा, कारण ओहायोकाठची बोली आपल्या कानाला पटकन सापडत नाही. लांबी ९३ मिनिटं. मध्यंतर करू नका.

लहान मुलांना आणावं का?

दहा वर्षांच्या आतल्यांना नको. त्यापुढची मुलं तुमच्या शेजारी बसणार असतील तर आणा. रक्त जवळपास दिसतच नाही. भीती वेगळ्या गोष्टीची आहे: मोठी माणसं आपलं ऐकत नाहीत याची. मुलांना ती मोठ्यांपेक्षा जास्त कळते. एकदा सातवीतली एक मुलगी आजोबांबरोबर आली होती. चित्रपटभर तिने त्यांचा हात सोडला नाही. संपल्यावर मी तिला विचारलं, कोण आवडलं? तिने रेचलचं नाव घेतलं नाही, जॉनचंही नाही. म्हणाली, "ते कासव."

पुढच्या वेळी मी कासवाकडे नीट बघितलं. होडी जात असते, मुलं झोपलेली असतात, आणि काठावर ते एकटंच जागं असतं.